कच्चे खेळाडू: भरपूर

सर, मी पैसे लावून पत्ते खेळले. एकदा-दोनदा नाही, चांगले चार महिने, रोज दुपारी शाळेतून आल्यावर, जेवणाचं ताट बाजूला सारून, मोबाइलवर. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "अगं बये, मास्तरीण ना तू?" मास्तरीणच आहे. कर्जतला गणितच शिकवते, अजून सहा वर्षं नोकरी आहे. आणि आधीच सांगून टाकते, सगळं सुखरूप पार पडलंय, घरात कुणाचं काही बुडालं नाही, मी आता बरी झोपते. पण हे कुणाला तरी सांगायचं होतं, आणि गणितातलं पाप गणिताच्या मास्तरालाच सांगावं.

माझी मुलगी तुम्ही पाहिली आहे. सहा वर्षांची होती, तुमच्या ओटीवर उभं राहून तिनं शंभरापासून उलटे आकडे म्हणून दाखवले होते, आणि तुम्ही तिला गूळ-शेंगदाणे दिले होते. आता ती सत्तावीस वर्षांची आहे. खालापूरकडे एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे. शंभर नग आले की त्यातले कुठले उचलायचे, किती खराब निघाले तर सगळाच माल परत पाठवायचा, हे तिचं काम. कंपनीची बस सकाळी पावणेसातला येते. चांगली नोकरी, चांगला पगार, सगळं मार्गी लागलेलं. अशा पोरीनं एका रविवारी सकाळी, मी भाकरीची उकड मळत असताना, ओट्याला टेकून सांगितलं, "आई, मी राजीनामा देतेय."

मला वाटलं, पुण्याला कुठे लागलं असेल. मी विचारलं, "कुठं मिळाली?" तर म्हणे, "कुठं नाय. खेळणार. पोकर. दोन वर्षं खेळतेय, पैसे येतायत. आता तेच करणार." माझ्या हातातला गोळा परातीत पडला. कप्पाळ माझं! तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, आणि माझ्या पोटची पोर जुगारावर घर चालवायला निघाली. मी जे काही बोलले ते तुम्हाला सांगत नाही. आमचे हे बाहेरून आले, एवढंच म्हणाले, "अगो, पण हाय काय ते नक्की?" आणि पोरगी शांतपणे आम्हाला समजावून सांगायला लागली: दोन पत्ते आपल्या हातात, पाच मध्ये सगळ्यांना दिसतील असे, बघून बघून पैसे लावायचे नाहीतर पत्ते टाकून मोकळं व्हायचं. नेटवर अशा रूम असतात, तिथं देशभरातली माणसं टेबलाला बसतात. रूम म्हणे! भिंत नाही, दार नाही, आणि रूम.

मी म्हटलं, "सगळे चोर असतात ते. पत्ते तेच वाटतात, तेच जिंकतात." तर तिनं काय म्हणावं? "आई, वर्गात तूच सांगतेस ना, करून बघितल्याशिवाय उत्तर मानायचं नाय? मग कर ना तपासणी. तू तपास ती रूम. तोवर मी राजीनामा देत नाय. तू जे सांगशील ते मी मानेन. पण खरं सांग." झालं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. नाही म्हणावं तर माझं तीस वर्षांचं शिकवणं खोटं, हो म्हणावं तर शाळेच्या बाईनं पत्त्याला हात लावायचा. मी हो म्हटलं. कारण मला खात्री होती, आठ दिवसांत चोर पकडीन आणि विषय संपेल.

दोनशे पानी वही आणली. पॅनकार्ड दिलं, खातं उघडलं, थोडेसे पैसे भरले आणि दुसऱ्याच दिवशी परत मागितले, येतात का बघायला. आले. पुन्हा भरले, पुन्हा मागितले. पुन्हा आले. मदतीच्या नंबरावर मुद्दाम वाकडे प्रश्न विचारले, तिकडचा मुलगा बिचारा गोड बोलून उत्तरं देत राहिला. नेटवर इतरांनी अशा रूमची परीक्षणं लिहिलेली असतात, तीही वाचून काढली. सगळीकडे पाच तारे. लिहिणाऱ्याला त्यानं आणलेल्या दर माणसामागे रूमकडूनच काहीतरी मिळतं म्हणे, मग कशाला कुणी चार देईल? पण त्या परीक्षणांतून मला रकाने मिळाले: पत्ते सरळ वाटतात का, पैसे परत मिळतात का, रूम डावातल्या पैशांतून आपला वाटा, म्हणजे काप, किती घेते, आणि आणखी एक रकाना, त्याचं पुढं सांगते. मग रोज दुपारी मी सगळ्यात स्वस्त टेबलावर बसायचे आणि प्रत्येक डावाचे पत्ते पेन्सिलीनं वहीत उतरवायचे. हे यायचे आणि म्हणायचे, "जेवलीस का, पोकरवाले?" मी म्हणायची, "गप बसा, डाव चाललाय."

हातात आलेले पहिले दोन पत्ते सारखे असले की ती जोडी. सरासरी सतरा डावांत एकदा जोडी यायला हवी, हे तर नववीतलं पोरही काढून देईल. तिसऱ्या आठवड्यात एक दुपार अशी आली की पंचेचाळीस डाव झाले तरी जोडी नाही. सर, मला एवढा आनंद झाला! सापडला चोर! मी पोरीला फोन करायला उठले, आणि उठता उठता तुमचा आवाज कानात आला.

नववीत तुम्ही घरचा अभ्यास दिला होता. पुस्तकात नव्हता, तुमच्याच डोक्यातला. नाणं शंभर वेळा उडवायचं आणि छापा की काटा ते क्रमानं लिहून आणायचं. पोशीरहून नेरळला चालत येणारी मी, सकाळी गुरांचं शेण काढून निघायची, मी कशाला शंभर वेळा नाणं उडवतेय! वाटेत मोरीच्या कठड्यावर बसून मनानंच लिहिलं. छापा, काटा, काटा, छापा. बरोबर पन्नास आणि पन्नास. तुम्ही वही हातात घेतलीत, एका ओळीवरून बोट फिरवलंत आणि वही मिटलीत. एरवी तुम्ही पुस्तकातलं बोलायचात, पण राग आला की गावचं बोलणं यायचं. "हे नाण्यानं नाय लिवलं. तू लिवलंस." मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तुम्ही म्हणालात, "माणसाला लाज वाटते सलग सात वेळा काटा लिवायला. नाण्याला नाय वाटत." मग मला पायरीवर बसवून तुमच्या खिशातल्या चार आण्यांनी शंभर वेळा उडवायला लावलंत. सगळी शाळा घरी गेली. मला सलग आठ काटे पडले, आणि तुम्ही असे हसलात की मी रागवायचं विसरले.

तर पंचेचाळीस डाव जोडी नाही यात नवल काहीच नव्हतं. फोन ठेवला आणि पुन्हा बसले. महिन्याअखेरीस हिशोब बरोबर सतराच्या आसपास येऊन बसला. एक्के, गुलाम, रंग, सगळं जिथं असायला हवं तिथं. सर, पत्ते सरळ होते. मी पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसले त्या दिवशी, खोटं नाही सांगत. पाच-पन्नास जोड्या खोडल्या असत्या तर काम झालं असतं. रूम चोर ठरली असती, पोरगी कामावर राहिली असती. पण खोडवेना.

आता तो राहिलेला रकाना. परीक्षणं लिहिणारे त्याला फार मान देतात. समोर बसणारे खेळाडू कसे आहेत? कच्चे असतील तर रूम चांगली. एका ठिकाणी तर सरळच लिहिलं होतं, इथं नवशिके भरपूर येतात, टेबल मऊ आहे, पाच तारे. मीही रकाना आखला आणि कच्चे मोजायला लागले. त्यात एक होता. नाव म्हणून नुसता आकडा, चित्र टेंपोचं. रोज दीडला यायचा. पत्ते टाकणं त्याला माहीतच नव्हतं. काहीही हातात असो, लावायचाच. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारं पोर असतं ना, तसा. टेबलाच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहायची सोय असते, तिथं तो पत्त्यालाच विनवायचा, "ये रं बाबा, आज तरी ये." हे आपल्याकडचं 'रं' वाचून मी सावध झाले. मग आमच्याकडची लाइट गेली आणि तो टेबलावरून गायब झाला. लाइट आली, तो आला. त्याचं नेट लाइटीबरोबर जायचं, मी मोबाइलच्या नेटवर, म्हणून मला दिसलं. असं तीन वेळा झालं. सर, तो आमच्याच बाजूचा कुणीतरी होता. कर्जतच्या निम्म्या पोरांना मी शिकवलंय. पस्तीस मार्कांवर ढकललेला माझाच कुणी असेल की काय, मला काय ठाऊक? आणि तरी मी त्याच्यासमोर बसून त्याचे पैसे घेत राहिले. सोपं होतं.

वहीचा निकाल मी लोधिवलीहून परत येताना दिला. बहिणीच्या घरी हळद होती, आम्ही दोघी स्कूटीवर गेलो होतो. चौक गावाजवळ जुन्या रस्त्याला चहाच्या टपरीवर थांबलो, आणि मी पिशवीतून वही काढली. ती म्हणाली, "आणलीस होय बरोबर?" मी म्हटलं, "वाच." पत्ते: सरळ. पैसे: वेळेवर परत. काप: प्रत्येक डावातून घेतात, पण सांगून घेतात. तिचा चेहरा फुलत चालला होता. पुढचं मी तोंडी सांगितलं: "तू दिलेली तुझ्या डावांची नोंद पाहिली. तू चांगली खेळतेस की नशीब चांगलं, ते एवढ्यावरून सांगता येत नाय." तिनं मान हलवली. मग शेवटचा रकाना आला. कच्चे खेळाडू: भरपूर. रोज येतात. पूर्ण गुण.

"हा टेंपोवाला कोण गं?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, लाइटचंही. आणि सांगता सांगता जे वहीत लिहिलं नव्हतं ते तोंडातून निघालं. म्हटलं, "तो टेबलावर आला ना, की मला आनंद व्हायचा गं." आणि मला रडूच आलं, त्या टपरीवर, हळदीची साडी नेसून. कारण मला तुम्ही आठवलात. पाचवीत मी इतकी कच्ची होते की मला भागाकार म्हटलं की ताप यायचा. तुम्ही मला शेवटच्या बाकावरून उठवून अगदी पुढं बसवलंत. कच्चं पोर समोर आलं की तुमचा चेहरा उजळायचा, सर. मीही तीस वर्षं तशीच होते, असं मला वाटत होतं. आणि चार महिन्यांत त्याच आनंदाचं हे काय होऊन बसलं!

पोरगी म्हणाली, "मला पण होतो. आम्ही खेळणारे एकमेकांना कळवतो, अमक्या टेबलावर ये, मासा आलाय. कच्च्याला मासा म्हणतो आम्ही." असं म्हणून ती रस्त्याकडे बघत बसली. टपरीवाल्याला म्हणाली, "दादा, अजून एक कटिंग." तेवढंच. मग स्कूटीला चावी लावली. मी मागे बसून देवाला नवस बोलत होते, कुठल्या देवाला तेही आता आठवत नाही. घरी आल्यावर चप्पल काढता काढता बापाला म्हणाली, "बाबा, उद्या माझा गजर तुम्ही लावा हां, बस चुकली तर अर्धा दिवस जातो." मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि काही काम नसताना नळ सोडून उभी राहिले. हुश्श म्हणतात ना, ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

चार महिन्यांनी सरकारनंच पैशांचे हे सगळे खेळ बंद केले. आमचे हे गल्लीत सांगत फिरले, "आमच्याकडं आधीच बंद झालता." तो टेंपोवाला आता दीड वाजता काय करतो, देव जाणे. मी त्याचे घेतलेले पैसे शाळेच्या कंपासपेट्यांत घातले. त्यानं माझं फार काही धुतलं गेलं नाही, पण पडून राहिले नाहीत.

हे पत्र तुमच्या मुलाला नेऊन द्यावं, तुमच्या फोटोमागे ठेव म्हणावं, असं मनात होतं. तो कर्जतलाच असतो. पण तो आणि माझी पोरगी कंपनीच्या एकाच बसला असतात, आणि त्यानं वाचलं की तिला कळणार. म्हणून हे कपाटातच राहील. कारण एक गोष्ट तिला कळता कामा नये. तिनं मला तिची दोन वर्षांची सगळी नोंद दिली होती, लाखाच्या वर डाव. एवढ्यावरून सांगता येत नाही, असं मी तिला म्हटलं. येत होतं, सर. मी तीन वेळा करून पाहिलं, रूमचा काप वजा करूनही. नशिबानं एवढं होत नाही. पोरगी खरंच फार चांगली खेळत होती.