काहिलीतून मंजरथला

फाल्गुन व. ८
हैदराबादहून हुकूम आला. जनाना दवाखान्यात नर्सची जागा मंजूर. पाडव्यानंतरच्या डाकेने होकार किंवा नकार जायला हवा. यजमानांना, म्हणजे भा.ना, वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "तुजं तू ठरव." एवढंच.
लग्न लहानपणी झालं, पण एका छपराखाली राहतोय ते या दिवाळीपासून. थांब म्हणाले असते तर मी चिडले असते. जा म्हणाले असते तरी. पण याला काय उत्तर द्यायचं?

व. ९
गुऱ्हाळ उठलं. जुनी काहील नणंदेच्या घरी मंजरथला द्यायची आहे. गाडीवर नीट बसत नाही, म्हणून गंगेतून (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) सोडत न्यायची. उसाचा रस आटवायची कढई नदीत माणसांसकट तरते, यावर माझा अजून विश्वास नाही.
एरवी दोघे भाऊ जातात. थोरले दीर तापाने पडलेत (मलेरियाच. कोयनेल दिलं). नणंदेला सातवा महिना, तिला तपासायचंच होतं. आत्याबाई (सासूबाई) म्हणाल्या, "दोघंच जावा. पर काहील घासू नगंस, गंज चढंल." त्यामुळे बुडाला गुळाचा थर तसाच आहे. मुंग्या सोबतीला.

व. १०. नदीच्या वाळूवर
उजाडता निघालो. तरते.
काहिलीला पुढची बाजू नाही, मागचीही नाही. समोरासमोर बसून दोघांनी वल्हवायचं. मी जोर लावला तर जागच्या जागी गरगर. भा. हसले. "जात्यावर बसलीस का काय? दळायलीस नुसती."
दुपारपर्यंत जमलं.
भा. वल्ह्याच्या टोकाने दाखवत होते. पाण्यावर तीन ओली डोकी, मिशा, पाणमांजरं. एक उताणं पडून पोटावरचा मासा खात होतं, अगदी निवांत. वरून करकोच्यांची रांग उत्तरेकडे. दरडीखाली सुसर, जबडा उघडा टाकून पडलेली. मला मेलेली वाटली. "ऊन खायलीय," भा. म्हणाले. नदीतलं इतकं त्यांना माहीत असेल असं वाटलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.
मुक्काम टरबुजांच्या वाडीजवळ. म्हातारा-म्हातारी वाळूत वेल लावून राहतात. वेलांच्या मध्येच पाणपक्ष्यांची अंडी, उघड्या वाळूवर. म्हातारीने प्रत्येक ठिकाणी खापरीचा तुकडा रोवलाय, पाणी घालताना पाय पडू नये म्हणून. मादी पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. उन्हात अंडी थंड ठेवायला, असं दिसतं. बराच वेळ पाहत बसले.
म्हातारीने टरबूज मांडीवर घेतलं, पण कापेना. "आदी नाव घे मालकाचं."
म्हटलं, "मला उखाणे येत नाहीत, मावशी."
"साधं घे की. का दवाखान्यात त्येवढंच शिकिवलं न्हाई?"
नाही घेतलं. मी त्यांचं नाव आजवर कधी तोंडाने उच्चारलेलं नाही. इथेसुद्धा एका अक्षरात उरकते. म्हातारीने टरबूज परत झोपडीत नेलं. भा. वाळूत रेघा ओढत होते.

व. ११. मंजरथ
काल लिहून झाल्यावरचं आधी. चंद्र उगवल्यावर खरखर ऐकू आली. काहिलीत दोन कोल्हे, गूळ चाटत होते. मी काठी उचलली. भा.नी हात धरला. हळूच म्हणाले, "चाटू दे. आईनं घासू नगं म्हनलं, चाटू नगं न्हाई म्हनलं." कोल्हे निघून गेल्यावरही हात तसाच राहिला. दोघांच्याही लक्षात आलं नाही, असं लिहिते. माझ्या आलं होतं.

आता सकाळचं. निघताना काहील वाळूत रुतली. मी आत, भा. कमरेएवढ्या पाण्यात उतरून ढकलत होते. त्यांच्या पाठीमागे दरडीवरून सुसर पाण्यात सरकली. मोठी. आवाज झाला नाही.
मी ओरडले, "अहो!"
वारा होता. वाडीतला म्हातारा वळला. कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहू लागला. जन्मभर त्यालाही तीच हाक. भा. खाली मान घालून ढकलतच होते. पुन्हा "अहो". पुन्हा म्हाताराच. "काय गं बाई?" म्हणून दोन पावलं पुढे आला.
मग मी नावाने हाक मारली. पूर्ण. भानुदास.
इतक्या मोठ्याने की वाळूवरचे सगळे पक्षी उठले.
तो एका उडीत आत. काहील कलली, पाणी भरलं, सावरली. सुसर पुढे जाऊन वर आली आणि आमच्याकडे न बघता निघून गेली. मी ओंजळीने काहिलीतलं पाणी उपसायला लागले.
म्हातारी टरबूज घेऊन पाण्यात शिरली. काहिलीत ठेवलं. "घेतलंस की गं."
मंजरथ येईपर्यंत भानुदास दोनदा वल्हं मारायचं विसरला. दोन्ही वेळा काहील फिरली.

व. १३. परतीची गाडी
नणंद ठीक. बाळाचे ठोके स्पष्ट आहेत. काहिलीचं बूड लख्ख पाहून तिने विचारलं, "कुनी घासली? आई वरडंल." भानुदास म्हणाला, "पाव्हने आलते."
वाटेत बैलांकडे बघत त्याने विचारलं, "हैदराबादेत नदी हाय का?"
"आहे. मुसी."
"सुसरी?"
"कधी पाहिलं नाही."
त्याने कासरा सैल सोडला. "बगाय पायजे मग."
कुणी, कधी, ते बोलला नाही. आणि शेत? थोरल्यांच्याने एकट्याने होणार नाही. मीही विचारलं नाही. पण या वेळी विचारायचं मनात होतं, एवढी प्रगती.

व. ३०
उद्या पाडवा, परवा डाक. कागद पुढ्यात घेऊन बसले. हुकूम मिळाला, इतकंच लिहिलंय.
जेवायला बोलवायला दारात गेले. तो अंगणात पाठमोरा, दोर वळत. आत्याबाई चुलीपुढे, सगळं ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. नेहमीसारखं म्हटलं, "अहो." वळला नाही. पुन्हा म्हटलं. ऐकू येत होतं त्याला, हवी होती ती दुसरी हाक. खांदे हलत होते हसण्याने.
आतून आत्याबाई म्हणाल्या, "भैरा झाला का काय ह्यो?"
ताट वाढलंय. भाकरी निवतेय. मी अजून दारातच उभी आहे, असं धरायला हरकत नाही.