चहातली गोळी आणि बाबांची सायकल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी, भावोजींची आणि तुझ्या दुखऱ्या दाताची तब्येत कशी आहे? इथे सगळे मजेत आहेत, असं लिहायची माझी फार इच्छा होती.

गेल्या वर्षी आपल्या गल्लीत कोलेस्टेरॉलच्या (शब्द पाकिटावर पाहून लिहिला आहे) गोळीची लाटच आली. बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या सगळ्या मंडळींना डॉक्टरांनी ती लिहून दिली. कुणाला दहा मिलिग्रॅमची, कुणाला वीसची. शिंपीकाकांना चाळीसची मिळाली, तेव्हापासून त्यांचा रुबाब काही विचारू नकोस. खुर्ची त्यांना, आणि बाबा दहावाले म्हणून स्टुलावर (दुकान स्वतःचं असून). यंदा शिंपीकाकांनी मोबाइलवर कसलासा व्हिडिओ पाहिला आणि जाहीर केलं, "सोडली गोळी! आपण काय आजारी आहोत?" झालं, एकामागून एक सगळ्यांनी सोडली. बाबाही घरी येऊन छाती फुगवून म्हणाले, "आजपासून बंद."

ताई, माझी झोप उडाली. आजोबा कसे बसल्या जागी गेले, ते तुला आठवतंच. बाबांशी वाद घालायची माझी हिंमत नाही, म्हणून मी औषधाच्या दुकानातून तीच गोळी आणली आणि रोज कुटून त्यांच्या सकाळच्या चहात घालू लागलो. "चहा कडवट लागतोय," असं बाबा एकदा म्हणाले. मी साखर वाढवली.

मला काय ठाऊक, की बाबांनी गोळी सोडली होती ती फक्त मित्रांसमोर! घरी ते न्हाणीघरात नळ सोडून गुपचूप घेतच होते.

मग त्यांचे पाय दुखायला लागले. कुणाला बोलले नाहीत. म्हातारपण आलं, असं मनाशी धरून बसले. ज्या सायकलला मला हात लावू देत नसत, ती पुसून, तेलपाणी करून त्यांनी भावोजींना देऊन टाकली. तुम्हाला वाटलं, जावयावर जीव जडला. मी मात्र पाय ओढत दुकानाकडे जाणाऱ्या बाबांना रोज खिडकीतून बघायचो, आणि दुसऱ्या दिवशी परत चहात गोळी घालायचो.

शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या किती घेता?"

"एक," बाबा हळूच म्हणाले, "पण बाहेर बोलू नका."

"आणि एक," मी म्हणालो.

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग रक्त तपासून, पाय जास्तीच्या गोळीनेच दुखताहेत असं सांगून त्यांनी काही दिवस गोळी थांबवली. आता एकच, तीही बाबांनी आपल्या हाताने घ्यायची. पाय बरे आहेत. बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते आता आपला चहा आपणच करून घेतात.

तुझा,
धाकटा

ता. क. सायकल परत पाठव. भावोजींना कसं सांगायचं ते तू बघ. बाबा तोंडाने मागणार नाहीत, पण रस्त्यात घंटी वाजली की भिंग डोळ्याला तसंच ठेवून मान वर करतात.

आणखी ता. क. हे पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तू चहात घालत होतास होय? मी रात्रीच्या दुधात घालायचे." (दवाखान्यातून आलो त्या दिवसापासून तिनेही बंद केलं आहे.) बाबांना हे अजून माहीत नाही. सायकलीबरोबर तूही ये. या घरात त्यांना चहा करून देणारं विश्वासाचं माणूस उरलेलं नाही.