खसखशीएवढी पानं

ती. बाबा,
इथूनच तुमच्या आणि आईच्या पाया पडते.

मी बरी आहे, जेवते वेळेवर. सध्या प्रयोगशाळेत रोपांच्या शेंड्यातून खसखशीएवढी कोवळी पानं सुईनं सोडवते. कोणतं जनुक पानाच्या वरच्या बाजूला जागं होतं, कोणतं खालच्या, ते बघायचं. पान पसरट होणार की दोऱ्यासारखं, ते तेव्हाच ठरतं. एक दिवस चुकला, की पुन्हा पेरणीपासून सुरुवात.

आईच्या गाठीचा रिपोर्ट आला का? फोनवर ती माझ्या पानांचंच विचारत बसते. तुम्ही तरी खरं सांगा.

काल सुई घसरली आणि सगळी पानं फाटली. प्रयोगशाळेच्या बाई रागावतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "पानं परत फुटतील. तू घरी जाऊन ये."

पुढच्या आठवड्यात निघते. आईला कळू देऊ नका, नाहीतर येऊ द्यायची नाही.

तुमची,
धाकटी