दांड्या पूर्ण, नेट गायब

२ मार्च, सोमवार. सकाळी ७

रागिणी पुण्याला परत जाणार नाही. बातमी पक्की आहे. काल तिनेच सांगितली, आज चहाच्या वेळी तिच्या आईने, सत्यवतीने दुजोरा दिला. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली आहे. मार्चअखेरपर्यंत ट्रायल, जमले तर कायमचे. अट एकच: मीटिंगमधून मधेच गायब व्हायचे नाही.

म्हणजे प्रश्न उरला फक्त नेटचा. आणि तो आला कोणाच्या घरी? पस्तीस वर्षे टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाच्या. पातूर, बार्शीटाकळी, तिवसा, शेवटी अमरावती. मी खांबावर चढत होतो तेव्हा आजचे इंजिनिअर पाळण्यात होते.

वायरचे नेट बाद. कॉलनीत रस्त्याचे काँक्रीट सुरू आहे. जेसीबीने केबल चारदा तोडली, केबलवाल्याने आता फोन उचलणेच सोडले. पण मोबाईलवर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात. आणखी काय पाहिजे?

पोरगी घरी राहावी म्हणून माझी धडपड चालली आहे, असे सत्यवती म्हणते. तसे काही नाही. तांत्रिक आव्हान म्हणून हाती घेतले आहे.

निर्धार: आठ दिवसांत काम फत्ते.

४ मार्च. दुपार

पहिली मोठी मीटिंग. दांड्या पूर्ण, नेट हलेना. पुण्यातल्या चौदा लोकांना रागिणी तोंड उघडे ठेवून अकरा मिनिटे दिसत राहिली. शेवटी लॅपटॉप घेऊन स्कूटीने कठोरा नाक्यापलीकडच्या रसवंतीत गेली आणि तिथून बोलली. मागे घुंगरू वाजत होते. साहेबाने विचारले म्हणे, मंदिरात आहेस का?

माझे निदान: उंची. पातूरला असताना डोंगरावर चढल्याशिवाय आमचे कोणतेही काम होत नसे. जितके उंच, तितके चांगले. हॉटस्पॉटचा फोन बांबूला बांधून गच्चीवर उभा केला. सत्यवती तिथे मुगवड्या घालत होती. म्हणे, अहो, त्या फोनले फाशी काहून देऊन राहिले? त्यानं काय केलं?

दोन वाजता फोन उन्हाने तापून बंद पडला. हल्लीचे फोनच नाजूक.

६ मार्च, शुक्रवार

कंपनीत तक्रार केली होती, इंजिनिअर आला. सुगत तायडे, अकोल्याचा. वय तिशीच्या आत. मी ओळख करून दिली तेव्हा चहा खाली ठेवून उठून उभा राहिला. संस्कार चांगले, ज्ञान बेताचे.

म्हणे, काका, तुमच्या इथी सिग्नल कमी नाई, खाणारे जास्त आहेत. दोनशे माणसाची पंगत बसली. वाढप्याचा आवाज सगळ्याईले जाते, थ्या तुमच्या दांड्या. पण वरणाची बादली एकच. त्यानं मोठ्यानं वरडलं तर वरण लवकर येते काय? पहिले लोक नुसते बोलत, चमचाभर वरणात भागे. आता जो तो व्हिडिओ पाहून राहिला, हरेकाले अख्खी बादली लागते.

मग उपाय काय? तर म्हणे, वाढपी वाढवायचे. उंच टॉवरचे दिवस गेले. उंचावरचा अँटेना अर्ध्या शहराची गर्दी स्वतःवर ओढून घेतो. आता गल्लीगल्लीत ठेंगणे खांब, त्यावर लहान डबे. जो तो आपल्या चाळीस घरांपुरता. आमच्या कॉलनीसाठी एक मंजूर आहे. जागा कॉलनीचे अध्यक्ष नत्थुजी यांच्या गेटासमोर. पंधरा तारखेच्या आत उभा करतो म्हणाला.

मी गच्ची दाखवली. तीन मजले, वर टाकी. कॉलनीत आमच्यापेक्षा उंच कोणी नाही. त्याने वर पाहिले आणि नम्रपणे म्हणाला, काका, हे फारच उंच आहे.

फार उंच! टेलिफोनच्या इतिहासात हे वाक्य कोणी उच्चारले नसेल.

७ मार्च

सकाळी फिरताना नत्थुजींना भेटलो. निवृत्त हेडमास्तर, दिवसभर फोनवर कीर्तन पाहतात. मी खांबाविरुद्ध काही बोललो नाही. फक्त इतकेच म्हणालो की गेटासमोर असे यंत्र म्हणजे डोक्याजवळच, नाही का. त्यांनी टोपी काढून डोके चाचपले. मग म्हणे, माहं डोकं आधीच तापते, गजेंद्रभाऊ.

दुपारी त्यांनी हरकतीचा अर्ज दिला. आता कंपनीला आमच्या गच्चीशिवाय पर्याय नाही.

१० मार्च, मंगळवार

कंपनीकडून गच्चीबद्दल विचारणा नाही. खांबाचे काम मात्र थांबले.

तोवर तात्पुरती योजना: पंगत मोठी आहे तर जेवणारे कमी करायचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर नम्र आवाहन टाकले. रोज अकरा ते एक या वेळेत कॉलनीतील कोणीही व्हिडिओ पाहू नये. लोकांना विषय समजावा म्हणून सोबत माझा आठ मिनिटांचा व्हिडिओ जोडला.

शेहेचाळीस घरांनी तो पाहिला. अकरा ते एक या वेळेत.

रागिणी पुन्हा रसवंतीत. रसवंतीवाला आता तिच्यासाठी मीटिंगच्या वेळी घुंगरू काढून ठेवतो. परक्या माणसाला कळते, साहेबाला कळत नाही.

१४ मार्च, शनिवार. संध्याकाळ

अकोल्याला जाऊन आलो. घरात सांगितले, जुन्या सहकाऱ्याच्या तब्येतीची चौकशी.

बूस्टर आणला. सिग्नल पकडतो, वाढवतो, घरात सोडतो. दुकानदाराने बिल दिले नाही, डब्यावर कंपनीचे नाव नाही. मी विचारले, परवानगीचे काय? म्हणे, सायेब, तुमी तर खात्याचे, तुमाले कोण विचारते? माणसाची पारख आहे त्याला.

टाकीच्या मागे बसवला. वरून सत्यवतीच्या वाळवणाचे जुने धोतर टाकले. जाहिरात करायचा माझा स्वभाव नाही.

घरात न्हाणीतसुद्धा दांड्या पूर्ण! पंधरा दिवस जे तरुण इंजिनिअरांना जमले नाही, ते चाळीस मिनिटांत. आज शांत वाटते आहे.

१६ मार्च, सोमवार

चमत्कारिक प्रकार. मीटिंगमध्ये रागिणीला सगळ्यांचे स्पष्ट ऐकू येते, तिचे मात्र कोणालाच ऐकू जात नाही. या घरात माझीही गेली तीस वर्षे हीच स्थिती आहे, असे मी गमतीने म्हणालो. कोणी हसले नाही.

बूस्टरचे बटण थोडे आणखी पुढे सरकवले.

१७ मार्च

नत्थुजी गेटावर. फोन लावला की समोरचा नुसता हॅलो, हॅलो करून राहते, म्हणे. मले ऐकू येते, त्याले कावून नाई? चौथ्या गल्लीतल्या इंदूबाईंचा फुलांचा धंदा आहे. हारांच्या ऑर्डरी फोनवर येतात. दोन दिवसांत एकही धड घेता आली नाही. त्या म्हणे, भाऊ, तुमी खात्यातले, तुमीच पहा आता.

लोकांचा विश्वास पाहून भरून आले.

खात्यात एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवत: बिघाड नेहमी दुसऱ्या टोकाला असतो. पस्तीस वर्षांत ती मला कधी खोटी वाटली नाही. म्हणजे कंपनीचेच काही तरी बिघडले आहे. खांबाला हरकत घेतल्याचा सूड असू शकतो.

बटण पूर्ण पुढे.

२० मार्च, शुक्रवार

आता अख्ख्या कॉलनीतून कोणाचाच आवाज बाहेर जात नाही. निवेदन लिहिले. भाषा कडक. ‘या गंभीर प्रकाराचा स्रोत शोधून दोषी व्यक्तीला सर्वांसमक्ष उघडे पाडावे.’ एकेचाळीस सह्या. पहिली माझी.

रागिणी दोन दिवस रसवंतीतही गेलेली नाही. तिथेही आता तेच होते म्हणाली. आमच्या बूस्टरचा तिथवर काय संबंध, हा विचार मनात आला. मग गेला.

बुधवारी तिचे मोठे प्रेझेंटेशन होते. तीस मिनिटे बोलली. मग समोरच्याने लिहून पाठवले की तू सुरू कधी करणार आहेस?

२४ मार्च, मंगळवार. सकाळी ११

निवेदनाची दखल! सुगत स्वतः आला. हातात माशाच्या काट्यासारखा अँटेना आणि एक लहान स्क्रीन. कुठून तरी जबरदस्त गोंगाट येतो आहे, टॉवर बहिरा झाला आहे म्हणाला; असा गोंगाट असला की बारीक आवाज टॉवरला ऐकूच येत नाहीत. गल्लोगल्ली फिरून ती जागा हुडकायची.

मी पुढे झालो. मागे नत्थुजी, इंदूबाई, पंधरा-वीस जण. मी जाता जाता लोकांना यंत्र समजावून सांगत होतो. पहिली गल्ली, काही नाही. दुसरी गल्ली, जरासे. तिसऱ्या गल्लीत स्क्रीनवरची रेघ एकदम वर. तिसऱ्या गल्लीत आम्ही राहतो.

मी सुगतला म्हणालो, तुझे यंत्र तापले असेल, थोडी सावली दे.

दुपारी ३

काय झाले ते थोडक्यात लिहितो.

यंत्र आमच्या गेटापाशी थांबले. मग जिन्याकडे. मग गच्चीवर. सगळी कॉलनी मागोमाग. टाकीजवळ सुगत थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी चिखलदऱ्याच्या दिशेने पाहू लागलो. सत्यवती पुढे आली, धोतर उचलले, म्हणे, हे घ्या बाप्पा, एकेचाळीस सह्यांचा मानकरी.

सुगतने पिन काढली. मिनिटभरात गच्चीवर जमलेल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. इंदूबाई तिथेच उभ्या राहून अडीचशे हारांची ऑर्डर घ्यायला लागल्या. नत्थुजी म्हणे, गजेंद्रभाऊ, मी चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण स्वतःविरुद्ध अर्ज लिहून सह्या गोळा करणारा इद्यार्थी मले नाई भेटला.

असा डबा लावणे गुन्हा आहे, काका, सुगत हळूच म्हणाला. डबा पिशवीत घातला. कागदावर फक्त ‘स्रोत सापडला, बंद केला’ एवढेच लिहिले. नाव टाकले नाही. जिना उतरताना माझा हात धरला. मला गरज नव्हती.

मला वाटते, चुकीचे मॉडेल दिले दुकानदाराने.

संध्याकाळी ६

रागिणी चिडली नाही. फक्त विचारले, बाबा, कधी लावलं होतं?

शनिवारी, चौदा तारखेला.

तिने फोनवर कॅलेंडर उघडले. सोळा, सतरा, अठरा. बोटाने मोजत गेली. मग फोन उपडा ठेवला आणि म्हणाली, मला वाटलं माझंच काही चुकतंय.

दुकानदाराबद्दल वर लिहिलेले वाक्य खोडले.

२५ मार्च

नत्थुजींच्या घरी गेलो. हरकत मागे घ्या म्हणालो. त्यांनी दहा मिनिटे बसवून ठेवले, कीर्तन संपू दिले. मग म्हणे, घेतो मागे. पण खांब तुमच्या गेटासमोर. डोकं तापलं तर तुमचं तापन.

खांबाच्या संमतीपत्रावर सही केली. यावेळी वाचून.

३० मार्च, सोमवार. सकाळ

आमच्या गेटासमोर खांब. उंची शेवग्याच्या झाडाएवढी, वर डब्यासारखा अँटेना, खालून फायबर. दिसायला अगदीच सामान्य. काल संध्याकाळी सुरू झाला. नत्थुजींचे कीर्तन, इंदूबाईंच्या ऑर्डरी, कुठल्याशा घरातली क्रिकेट मॅच, सगळे एकाच वेळी चालू आणि काही अडकत नाही. मी वर पाहिले. गच्ची होती तिथेच होती. तिला कोणी विचारत नव्हते.

आज दुपारी रागिणीची साहेबाशी मीटिंग. ट्रायल संपायला अजून एक दिवस आहे. एक दिवस पुष्कळ असतो. या नेटवर तिला पाहिले की साहेब आपोआप विरघळेल. काळजीचे कारण उरलेले नाही.

३० मार्च. दुपारी ४

मीटिंग पाऊण तास चालली. मी दाराबाहेर उभा होतो. चित्र एकदाही थांबले नाही. आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा.

साहेब म्हणाला, महिनाभर वाट पाहिली; सहा तारखेपासून तू पुण्यात ऑफिसला ये.

एक शब्दही तुटला नाही.

रागिणी म्हणाली, सर, आता नेट सुरळीत झालंय. तो म्हणाला, हो, दिसतंय. चांगलं झालं. पण निर्णय गेल्या आठवड्यातच झालाय.

४ एप्रिल, शनिवार

उद्या सकाळची गाडी. सत्यवती मुगवड्यांचा डबा बांधते आहे, तिसरा. रागिणीला दोनच नेता येतील. दोघी त्यावर भांडत आहेत. दोघींना तो विषय पुरतो आहे.

रागिणी मला म्हणाली, बाबा, आता रोज व्हिडिओ कॉल करू, इथलं नेट माझ्या पुण्याच्या खोलीपेक्षा चांगलं आहे. हा माझा विजय धरावा की काय, ते ठरवता आले नाही.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता पहिला कॉल यायचा आहे. नेट कुठे उत्तम येईल ते सुगतला फोन करून विचारून घेतले. तो म्हणे, काका, घरात बसा निवांत. खांबाच्या अगदी बुडाशी उलट कमी येते.

खुर्ची मात्र गेटापाशीच टाकणार आहे. घरात बसले की समोर तिची खोली दिसते.