हितं मेंढरं कुठनं वळायची?

प्रिय आबा,

आज साहेबांनी आपल्या वस्तीची फाईल माझ्या टेबलावर टाकली. म्हणाले, "मंगल, तुझ्याच माणसांचं काम आहे. दोन्ही आळ्यांना भिंत अजून उंच हवी आहे. शुक्रवारपर्यंत नकाशा दे." फाईल उघडली तर वरच जुना नकाशा, आणि त्याखाली तुमची सही. तुम्हाला जाऊन चार महिने झाले आणि सही आपली तिथं ठणठणीत! म्हणून लिहायला बसले.

तुम्ही वस्ती कशी वसवलीत, हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची. वेल्ह्याच्या डोंगरातून आपली माणसं खाली आली, नसरापूरजवळच्या गायरानावर झोपड्या उभ्या राहायला लागल्या, तेव्हा तुम्ही टेप धरली नाही की दोरी धरली नाही. मेंढरं हाकलीत. समोरून तुमच्या भावानं, तात्यांनी, त्यांची हाकली. दोन कळप एकमेकांत न मिसळता निघून गेले, की दोन्ही कडांना दगड ठेवायचा. एवढा रस्ता. त्याच्या आत कुणी ओटासुद्धा घालायचा नाही. पुढं कामधंद्यासाठी आलेली परमुलखातली माणसं हायवेच्या बाजूला राहिली, ती खालची आळी; आपली ती वरची. त्यांनीही तुमचे दगड मानले.

आणि मी पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून काय केलं?

नळावरचं ते भांडण आठवतं ना? हंड्यावरून शब्द, शब्दावरून दगड, आणि दुपारपर्यंत दोन झोपड्या जळून गेल्या. वरची आळी खालच्या आळीचं तोंड बघेना. मग वस्ती सुधारायची योजना आली, काम नेमकं आमच्या ऑफिसला मिळालं आणि मी मोठ्या ऐटीत नकाशा घेऊन आले. दोन आळ्यांच्या मध्ये भिंत. भिंतीत एकच फाटक, त्याला कुलूप. रस्ता खालच्या आळीतून जातो, म्हणून किल्ली त्यांच्या अध्यक्षाकडं. "आता कुणी कुणाच्या अंगावर जाणार नाही," असंही मी वर म्हणाले.

तुम्ही चष्मा पुसलात, भिंतीवर बोट ठेवलंत. "पोरी, हितं मेंढरं कुठनं वळायची?"

मी हसले, आबा! सगळ्यांसमोर हसले. "वस्तीत आता मेंढरं राहिलीत तरी किती?"

"मेंढरू भिंतीला भिडलं की मागची त्याच्या अंगावर चढत्यात. गुदमारतंय ते." एवढंच बोललात आणि सही केलीत. तुमची सही बघून मग बाकीच्यांनीही केल्या.

का केलीत? तुमच्या तेराव्याला तात्यांकडून कळलं. "म्या इचारलं व्हतं त्येला. म्हनला, नकाशा चुकलाय, पर माज्या लेकीनं काढलाय. चार लोकांत तिला खाली बघाया कसं लावू?" मला रडू नाही आलं, राग आला. असला कसला लाड? लहानपणी मेंढराच्या पायात काटा राहिला म्हणून मला सगळ्यांदेखत झापलं होतंत. तेव्हा नाही का मला खाली बघायला लावलंत?

तुमच्या छातीत कळ आली ती भर दुपारी. दवाखान्याची गाडी हायवेवरून लगेच आली, खालच्या आळीतून फाटकापर्यंतही आली. फाटकाला कुलूप! किल्लीवाला अध्यक्ष भोरच्या बाजाराला गेलेला, मोबाईल लागेना. आपल्या माणसांनी तुम्हाला घोंगडीच्या झोळीत घातलं आणि गाडीकडं जायला ओढ्यातून वळसा घातला. खालच्या आळीतली पारू मावशी घरातला वरवंटा घेऊन धावली. तिचीच झोपडी जळली होती ना त्या दिवशी? तिचा हात अजून नीट नाही. म्हणाली, "लई ठेचलं गं कुलूप म्या. तुटलं तवा तुजा बाप ओढ्यात व्हता. तितंच गेला."

तुमच्या तेराव्याला दोन्ही आळ्या आल्या. जेवल्या मात्र वेगवेगळ्या पंगतीत. फाटकाला नवं कुलूप आलं, ते आधीपेक्षा मोठं. आणि आता भिंत उंच हवी! दोन्ही आळ्यांचं एकमत झालंय, आबा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा झालं, तेही ह्याच्यावर. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पण त्यांना काय बोलू? त्यांना भिंत दाखवली कुणी? मीच ना?

तात्यांची मेंढरं सध्या शिवऱ्याच्या रानात बसलीत. त्यांना निरोप धाडलाय. शुक्रवारी साहेब वस्तीत येतील तेव्हा माझ्याकडं नकाशा नसेल. दोन्ही आळ्यांना बोलावीन, फाटक उघडायला लावीन आणि तात्यांना कळप हाकायला सांगेन. त्या एवढ्याशा तोंडातून मेंढरं कशी कोंबली जातात, ते बघू दे सगळ्यांना. तुमचे दगड अजून आहेत तिथं, गवतात. त्यांच्यावर उभी राहून सांगेन की भिंत मी आखली, आणि माझा बाप तिच्यापायी ओढ्यात गेला. ऐकतील? मला नाही वाटत. साहेब दुसऱ्या कुणाकडून नकाशा करून घेतील. पण त्याच्यावर माझी सही नसेल, हा माझा शब्द.

सही कशी करायची ते मी तुम्हाला शिकवलं होतं, पाटी मांडीवर घेऊन. कधी करायची नाही, ते तुम्ही मला शिकवायचं होतंत, आबा.

तुमची,
मंगल