मोगऱ्याच्या कळ्या आणि नारळ

मंगळवार, वैशाख. दिवेलागणीची वेळ.

आज खिडकीवरचा चांदीचा कागद एकदाचा काढून टाकला. समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला तेव्हा मीच तो चिकटवला होता. त्या लहरींनी हिला कॅन्सर झाला तर? महिनाभर ही बिचारी भर दिवसा दिवा लावून मोगऱ्याचे गजरे ओवत होती.

नात विरारच्या कॉलेजात फिजिक्स शिकते. दुपारी आली, कागद पाहून हसतच सुटली. “आजोबा, प्रकाश काय, टॉवरच्या लहरी काय, सगळं सुट्या कणांनी येतं. टॉवरचा एकेक कण म्हणजे आजीची कळी. हजार कळ्या मारल्या तरी नारळ पडेल का? त्याला दगड लागतो, तसा शरीरातल्या पेशी बिघडवायला एक्स-रेसारखा जोरदार कण लागतो.”

शाळेत कविता म्हणताना किरण म्हणजे मला सोन्याची अखंड दोरी वाटायची. तोही सुटा, कळ्यांसारखा? आणि मी कळ्यांनाच घाबरलो!

संध्याकाळी ही पुन्हा खिडकीत बसली, मांडीवर मोगरा. नेम धरून एक कळी माझ्या कपाळावर मारली.

“पडलात का हो?”

नाही पडलो. पण तिथून हलावंसंही वाटेना.