तुझ्या पापण्यांचं जंगल

प्रिय फोल्कमार,

पत्राला 'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. तुझी तार मिळाली. "अजून राग गेला नाही वाटतं. सॉसेज झकास. रविवारी नातीच्या बाप्तिस्म्याला कापणार." वा रे वा! मी तार केली होती, "सॉसेज खाऊ नकोस, मांसात किडे निघाले," आणि त्यातून तू माझा राग शोधून काढलास. एरफुर्टात टोप्या विकून साऱ्या शहराच्या डोक्यांची मापं तुला पाठ झाली, पण स्वतःच्या डोक्यात काय आहे हे बघायला सवड मिळाली नाही, हे उघडच आहे. तारेत मावत नाही म्हणून सविस्तर लिहिते. शेवटपर्यंत वाच.

परवा त्राउगॉटकडे डुक्कर कापलं, तेव्हा तू फरची कॉलर लावून आलास. तो तुझा सख्खा भाऊ चिखलात उभा, मोठ्या कढईखाली जाळ घातलेला, शेजारीपाजारी ताटल्या घेऊन थांबलेले. मी मायक्रोस्कोपमधून मांस बघून शिक्का मारल्याशिवाय कोणी बोटसुद्धा चाटायचं नाही, हे आपल्या गावात शेंबडं पोरही जाणतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून ओटच्या दाण्याएवढे मांसाचे तुकडे दोन जाड काचांमध्ये दाबत होते. स्क्रू आवळले की मांस असं पातळ होतं, की खाली छापील कागद धरला तर वाचता यावा. तेवढ्यात तुझा आवाज आला, "काय आल्विने, डुक्कर काही बोललं का?" सगळे खिदळले. त्राउगॉट बिचारा म्हणाला, "थांब की रे जरा, तिचं होऊ दे." आणि तू काय म्हणालास? "छट्! हिच्या परवानगीनेच जेवायचं असतं तर हिच्याशी लग्नच नसतं का केलं?" मग पावावर कच्चा खिमा थापलास, वर कांदा पेरलास, आणि माझ्या खिडकीसमोर उभा राहून मिटक्या मारत खाल्लास. "माझ्या जिभेला दुर्बीण लागत नाही!" दुर्बीण! अरे, दुर्बिणीतून चांदण्या बघतात. एवढंही अजून डोक्यात शिरलं नाही तुझ्या.

तुझं या यंत्राशी पहिल्यापासूनच वाकडं. मी तपासणीची परीक्षा पास झाले आणि येना शहरातून हा पितळी मायक्रोस्कोप आला, तेव्हा तू मोठ्या ऐटीत बघायला आलास. मी घसा फोडून सांगितलं, आधी बाजूने बघत नळी खाली आण, मग डोळा लावून हळूहळू वर घे, उलट केलंस तर काच फुटेल. फोडलीस. मी दुसरी ठेवली, खालचा आरसा उजेडाकडे वळवून दिला. तू डोळा चिकटवलास आणि किंचाळलास, "अगं बाई, केवढं जंगल! काळी काळी झाडं!" त्या तुझ्याच पापण्या होत्या, फोल्कमार. मी हसले. बस, तेवढाच माझा गुन्हा. पुढे तू अट घातलीस, हे यंत्र विक, मांसाचा वास येणारी बायको मला नको. मी यंत्र ठेवलं. त्याची भिंगं अजून स्वच्छ आहेत. तुझ्याबद्दल तसं म्हणवत नाही. दुकानदाराला यातलं काय कळणार, अशी सबबही सांगू नकोस. अडीचशे वर्षांपूर्वी हॉलंडातल्या एका कापडवाल्याने घरीच घासलेल्या इवल्याशा भिंगातून आपल्या दातांवरचा मळ पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव त्याला दिसले. तोही दुकानदारच होता. तेव्हा दोष दुकानदारीचा नाही, तुझा आहे.

तू दुपारच्या गाडीत बसला असशील तेव्हा मला तो दिसला. लिंबाच्या आकाराची बारीकशी पिशवी आणि आत वेटोळं घालून पडलेला किडा. कचरा असेल म्हणशील, म्हणून सांगते. मी डोळ्याजवळचं भिंग गोल फिरवून पाहिलं. कचरा त्या भिंगावर असला तर भिंगाबरोबर फिरतो. हा फिरला नाही. मग काच सरकवली, तर हा काचेबरोबर सरकला. म्हणजे मांसातच. डुकराच्या जिभेच्या तुकड्यात आणखी निघाले. काल जिल्ह्याचा पशुवैद्य येऊन बघून गेला आणि अख्खं डुक्कर जाळलं. त्राउगॉट अंगणात बसून ढसाढसा रडला, आणि रडतारडताच बोलला, "फोल्कमारच्या कोटाखाली मी गुपचूप कच्ची सॉसेजं दिलीत गं." परवा खिदळणारे लोक आता मला प्लमचा केक आणून देताहेत. मी कुत्र्याला घातला.

सोबतच्या डबीत त्या मांसाची एक काच आहे, कडा बंद केलेली. कोणत्याही डॉक्टरकडे ने, वरचं भिंग स्वतःच्या हाताने फिरव. किडा फिरला तर गावात ये आणि चर्चच्या दारात मला खोटारडी म्हण. नाही फिरला तर सॉसेजं चुलीत घाल. सॉसेज धुरात टांगलं तरी आतला किडा मरत नाही. आणि तुझी मुलगी ओली बाळंतीण आहे, तिला चवीपुरतासुद्धा तुकडा देऊ नकोस. मूर्खपणा तुझा आहे, तो तुझ्यापाशीच राहू दे.

सॉसेज जाळता येतं रे. खिडकीसमोर खाल्लेला तो पाव जाळता येत नाही. माझे वडील कशाने गेले हे तू कधी विचारलं नाहीस. गावात तेव्हा मांस तपासणारं कोणी नव्हतं, आणि त्यांनीही असाच पाव खाल्ला होता, असाच हसत. आधी पोट बिघडलं. मग एका सकाळी पापण्या सुजून डोळे मिटले, मग अंगावर चादरही सोसवेना. डॉक्टर म्हणाला, वारं लागलंय. म्हणून मी हे शिकले, आणि म्हणूनच यंत्र विकलं नाही. आता तू रोज सकाळी आरशात आपल्या पापण्या बघ. त्या तुला बघता येतात, एवढं तरी मला माहीत आहे. सुजल्या तर बियरवर ढकलू नकोस. तडक डॉक्टरकडे जा, डबी दाखव, काय खाल्लंस ते लाज सोडून सांग. हमखास औषध नाही, पण सगळेच मरत नाहीत. तू मरू नकोस. इतकी वर्षं मी तुझा मनापासून तिरस्कार करत आले, आणि मेलेल्या माणसाचा तो नीट करता येत नाही. पापण्या कशा आहेत ते रोज कळव, दोन शब्दांत कळवलंस तरी चालेल. आजपासून मी पोस्टमनची वाट बघत दारात उभी राहणार आहे, आणि याचा मला भयंकर राग येतोय.

कधीच तुझी न झालेली,
आल्विने